पुण्याच्या पेठा सुधारायला इतका वेळ का लागतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठेत राहणारे, पेठेत दुकान असलेले, आणि कोथरूडला नाहीतर सिंहगड रोडला राहायला गेलेले पण वाड्यात अजून हिस्सा असलेले, हे सगळे लोक कित्येक वर्षं तेच तेच प्रश्न विचारतायत. उत्तरं वेगवेगळ्या ऑफिसांत आणि वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. मी वकील नाही, पेठेत राहणारा माणूस आहे, तेव्हा कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तो वकिलाला दाखवाच.

पेठा म्हणजे नेमका कुठला भाग धरायचा?

मुठेच्या उजव्या काठाचं जुनं पुणं. कसबा सगळ्यात जुनी, मग शनिवार, सदाशिव, नारायण, बुधवार, शुक्रवार, रविवार, सोमवार, मंगळवार, गुरुवार, आणि पूर्वेला गंज, घोरपडे, नाना, भवानी वगैरे. शनिवारवाडा इथलाच, १८८६ ची मंडई इथलीच, तुळशीबाग, लक्ष्मी रोड, विश्रामबागवाडा, मानाचे पाचही गणपती इथलेच. म्हणजे बाहेरगावचा माणूस "पुणं बघायला आलोय" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात जे असतं त्यातलं बरंचसं या एवढ्याशा भागात आहे, आणि नेमक्या याच भागात माणसं टेकू लावलेल्या घरात झोपतायत.

टेकू लावलेल्या घरात म्हणजे? इतकं वाईट आहे का?

हो. माती-विटांच्या भिंती, लाकडी खांब, तुळया, वर कौलं नाहीतर पत्रे, असे शंभर-दीडशे वर्षं जुने वाडे अजून उभे आहेत. एका वाड्यात सात-आठ बिऱ्हाडं, कॉमन संडास, एकच जिना आणि तोही लाकडाचा. पावसाळ्यात भिंत पाणी पिते, फुगते आणि एक दिवस बसते. दरवर्षी जून-जुलैमध्ये वाड्याची भिंत कोसळल्याच्या बातम्या येतात, अग्निशमनचे लोक येऊन अडकलेल्यांना शिडीवरून उतरवतात, चार दिवस चर्चा होते आणि पुढच्या पावसापर्यंत सगळं शांत. उशिराचा विषय निघाला की ऑफिसमध्ये तो फायलीचा विषय होतो, पण वाड्यात तो आजी रात्री कुठल्या खोलीत झोपणार याचा विषय असतो, आणि हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवल्याशिवाय लोकांची चिडचिड का होते ते बाहेरच्याला कळणार नाही.

डीपी तर मंजूर झालाय ना? मग अडलंय कुठे?

आधी डीपी, म्हणजे शहराचा विकास आराखडा, मंजूर कसा झाला ते बघा. जुन्या हद्दीचा विकास आराखडा नावाने २००७ ते २०२७ चा आहे. मसुदा लोकांसमोर आला २०१३ मध्ये. त्यावर ८० हजारांच्या वर हरकती-सूचना आल्या, त्यांच्या सुनावण्या झाल्या, मग महापालिकेच्या मुख्य सभेत तो ठरलेल्या मुदतीत पूर्ण होईना म्हणून मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने तो स्वतःकडे घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्यातली पहिली दहा वर्षं मंजुरीतच गेली.

आणि मंजूर झाला म्हणजे काम सुरू झालं असंही नाही. डीपी हा नकाशा आहे, कुठे रस्ता रुंद होणार, कुठे शाळेचं, बागेचं, पार्किंगचं आरक्षण, एवढंच तो सांगतो. कोण करणार, कुठल्या वर्षी, कुठल्या पैशातून, हे त्यात बांधून दिलेलं नसतं. माझ्या मते पेठांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, नकाशा आहे आणि कॅलेंडर नाही. हे कॅलेंडर मागा, बाकी मागण्या त्याच्या नंतर.

रस्ता रुंदीची रेघ आमच्या घरावरून गेलीय. तीस वर्षं झाली, रुंदी होत नाही आणि आम्हाला काही करताही येत नाही. हे काय आहे?

दाट वस्तीत अख्खा रस्ता एकदम ताब्यात घ्यायचा म्हणजे मोबदला द्यावा लागतो, लोकांना दुसरीकडे हलवावं लागतं, ते महाग आणि भांडणाचं काम. म्हणून पद्धत अशी पडलीय की ज्याची इमारत नवीन होईल त्याने पुढची पट्टी सोडायची आणि त्याबदल्यात एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायचा. म्हणजे रस्ता एकेका प्लॉटने रुंद होतो. कुठल्याही पेठेतल्या रस्त्यावर उभं राहून बघा, एक नवी बिल्डिंग आठ-दहा फूट आत, शेजारचा वाडा पुढे आलेला, त्याच्यापुढची बिल्डिंग परत आत. मधे जी खाच तयार होते तिथे टू-व्हीलर लागतात नाहीतर टपरी येते, चालणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. जोपर्यंत त्या ओळीतला शेवटचा वाडा होत नाही तोपर्यंत रस्ता रुंद झाला असं म्हणताच येत नाही, आणि शेवटचा वाडा बहुतेक कोर्टात असतो.

जागेवर शाळा, बाग असं आरक्षण असेल तर मात्र एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम १२७ माहीत असू द्या. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक खरेदी नोटीस (जागा विकत घ्या अशी) देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. २०१७ च्या आराखड्याची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतायत. ज्यांच्या जागेवर आरक्षण आहे त्यांनी आत्तापासून वकिलाशी बोलून ठेवा.

स्मार्ट सिटीचे पैसे आले होते ना, त्यातलं पेठांना काय मिळालं?

जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत पुण्याचा नंबर देशात दुसरा होता. पण एका भागाचा सर्वांगीण विकास करायचा म्हणून जो भाग निवडला तो औंध-बाणेर-बालेवाडी. तिथे रस्ते आधीच रुंद, मालकी सरळ, कामं लवकर दिसणार, असा हिशोब असणार. मार्च २०२५ मध्ये मिशन संपलं सुद्धा. मध्ये २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं हद्दीत आली, त्यांना पाणी, रस्ते, ड्रेनेज सगळंच द्यायचंय, आणि तेही चूक नाही, ती माणसंही टॅक्स भरतात. पण या सगळ्यात जुन्या गावाची पाळी मागे मागे जात राहिली. ज्या भागाला गरज सगळ्यात जास्त तो भाग अवघड म्हणून दरवेळी वगळायचा, हे मला अजिबात पटत नाही.

आमचा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत आहे. आम्ही काहीच करू शकत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा नीट लिहितो.

शनिवारवाडा केंद्राच्या संरक्षित स्मारकांत आहे. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा २०१० मध्ये बदलला, त्यानुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्याच्या पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित म्हणजे नवीन बांधकाम नाही. महापालिका ही परवानगी देऊच शकत नाही, नगरसेवक नाही, आमदार नाही, कुणीही "मी करून देतो" म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

पण दुरुस्तीला बंदी नाही. १६ जून १९९२ च्या आधी जी इमारत उभी होती तिची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येतं. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तिथून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे. अर्जाला प्रॉपर्टी कार्ड, नकाशा, अंतराचं मोजमाप, आत्ताच्या स्थितीचे फोटो, आणि इमारत १९९२ च्या आधीची आहे हे दाखवणारा पुरावा लागतो, त्यासाठी जुन्या टॅक्स पावत्या जपून ठेवा. खूप लोकांनी "तिथे काहीच होत नाही" असं ऐकून साधं छप्पर सुद्धा बदललं नाही आणि वाडा पडू दिला, याचं मला फार वाईट वाटतं. २०० मीटरच्या पट्ट्यात तर नवीन बांधकामही परवानगीने होतं, फक्त उंचीवर वगैरे अटी येतात.

पण मूळ अन्याय आहेच. स्मारक जपायलाच पाहिजे, त्याबद्दल पेठेत कुणाचं दुमत नसेल. पण मोकळ्या माळावरचं देऊळ आणि भर वस्तीतला वाडा या दोन्हींना एकच शंभर मीटरचं माप लावलंय. २०१० च्या कायद्यातच प्रत्येक स्मारकासाठी वेगळे वारसा उपविधी करायचे असं लिहिलंय, म्हणजे तिथली परिस्थिती बघून नियम. मागणी करायची असेल तर शंभर मीटर रद्द करा अशी करू नका, ती दिल्लीत जाऊन पडेल. २०१८ मध्ये लोकसभेने जे दुरुस्ती विधेयक मंजूर केलं होतं ते सुद्धा केंद्राच्या सार्वजनिक कामांपुरतं होतं, राहत्या घरांसाठी नव्हतं, आणि तेही राज्यसभेत अडकलं. उपविधींवर बोट ठेवा, आणि तोपर्यंत दुरुस्तीचे अर्ज किती दिवसांत निकाली निघाले ते माहिती अधिकारात विचारा.

आम्ही शंभर मीटरच्या बाहेर आहोत, तरी बिल्डर येऊन बघून जातात आणि परत फोन करत नाहीत. का?

कारण गणित जमत नाही. पेठेतला प्लॉट लहान, कधी कधी दीड-दोन गुंठे, बोळातून ट्रक जात नाही, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत चिकटलेली त्यामुळे साइड मार्जिन सोडलं तर मधे जागाच उरत नाही. रस्ता अरुंद म्हणून टीडीआर वापरता येत नाही. त्यात सगळ्या भाडेकरूंना जागा द्यायची, मालकाला द्यायची, मग विकायला उरणार काय? डिसेंबर २०२० मध्ये राज्यभरासाठी एकच बांधकाम नियमावली आली, यूडीसीपीआर, तिच्यात दाट वस्तीसाठी आणि भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्यामुळे थोडे प्लॉट आता जमतात. बाकीचे अजूनही नाही. त्याच वर्षी शहरभरातले सहा मीटरचे तीनशेच्या वर रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला होता, म्हणजे टीडीआर वापरता येईल, त्यावरून बराच वाद झाला, आणि तो वाद बिनबुडाचा नव्हता, कारण रस्ता कागदावर नऊ मीटर झाला म्हणून त्याच्या खालची ड्रेनेजची लाइन मोठी होत नाही.

मालकीचा प्रश्न वेगळाच. प्रॉपर्टी कार्डावर अजून पणजोबांचं नाव, वारस तीस, त्यातले चार अमेरिकेत, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. हे सरकार सोडवू शकत नाही. वारसनोंद आधी करून घ्या, त्यासाठी बिल्डरची वाट बघायची गरज नाही.

तीन-चार वाडे मिळून एकत्र करता येईल का?

येईल आणि माझ्या मते तेच करायला पाहिजे. एकत्र प्लॉट झाला की मार्जिनचा त्रास कमी होतो, एक जिना, एक लिफ्ट, खाली पार्किंग, सगळं सुटतं. अडचण विश्वासाची आहे, शेजारचा मालक तयार झाला तर त्याचे भाडेकरू तयार नसतात. सुरुवातीला बिल्डरला बोलावू नका. आधी चारही वाड्यांच्या मालक-भाडेकरूंनी बसून प्रत्येकाकडे किती चौरस फूट आहे याची यादी करा आणि त्या यादीवर सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मुंबईत भेंडीबाजार होतोय, मग पुण्यात का नाही?

भेंडीबाजारात साडेसोळा एकर जागेवरच्या सुमारे २५० इमारती एका ट्रस्टने हाताळायला घेतल्या, २००९ मध्ये तो ट्रस्ट उभा राहिला, सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट. मागे एका समाजाचं आणि धर्मगुरूंचं पाठबळ. तरी पहिले टॉवर लोकांच्या ताब्यात जायला २०२० उजाडलं. म्हणजे सगळं अनुकूल असताना अकरा वर्षं.

दुसरा फरक लोकांना माहीत नसतो. मुंबईत जुन्या भाड्याच्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आहे, आता ते म्हाडाकडे. उपकर भरणाऱ्या इमारती, पावसाळ्याआधीची यादी, संक्रमण शिबिरं, सगळी यंत्रणा त्यांच्याकडे आहे, तिच्याबद्दल तक्रारी ढीगभर असल्या तरी दार ठोठवायला एक दार आहे. पुण्यात असं मंडळ नाही. वाडा धोकादायक झाला तर महापालिका नोटीस देते, पण तुम्ही जाणार कुठे याची कायमची व्यवस्था नाही. पुण्याच्या वाड्यांसाठी संक्रमण घरं असायला पाहिजेत ही मागणी एफएसआयच्या मागणीपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे आणि तीच सगळ्यात कमी केली जाते.

घरमालक दुरुस्ती करत नाही. भाडेकरूने काय करायचं?

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार घर राहण्यालायक ठेवायची जबाबदारी मालकाची. त्याने नाही केली तर कमीत कमी पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आता पेठेत कित्येकांचं भाडं महिन्याला शंभर-दोनशे रुपयांच्या आत आहे. त्याच्या एक चतुर्थांशात काय होणार? एक पत्रा सुद्धा येत नाही. कायदा हातात आहे आणि पैसे खिशातूनच घालायचेत, अशी गत. तरी नोटीस द्याच, पुढे कोर्टात तो कागद बोलतो. आणि मालकाने पाणी किंवा लाइट तोडली तर त्याच कायद्यात ते बेकायदेशीर आहे, लगेच दाद मागा.

मी मालक आहे. दोनशे रुपये भाड्यात मी वाडा कसा सांभाळायचा?

तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मोठ्याने म्हटलं पाहिजे. टॅक्स तुमच्या नावावर, नोटीस तुमच्या नावावर, उद्या काही झालं तर गुन्हाही तुमच्या नावावर, आणि उत्पन्न वडापावच्या खर्चाइतकं. पेठेतले बहुतेक मालक श्रीमंत नाहीत, नोकरी करून रिटायर झालेली माणसं आहेत. पण वाडा आपोआप पडेल आणि भाडेकरू आपोआप जातील अशी वाट बघत बसणारेही काही आहेत, आणि ती वाट कुणाच्या तरी जिवावर बेतते. हा उशीर दोघांनाही खातो. मालक आणि भाडेकरू एकमेकांवर चिडलेले राहिले की कॉर्पोरेशनला कुणी जाब विचारत नाही, हे दोघांनी ओळखायला हवं.

धोकादायक इमारतीची नोटीस आलीय. घर सोडलं तर हक्क जाईल का?

या भीतीने लोक पडक्या घरात राहतात, म्हणून सरळ सांगतो. नुसतं घर रिकामं केल्याने किंवा इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये, जिथे इमारत महापालिकेने पाडली होती, हे स्पष्ट केलेलं आहे.

नोटीस बहुतेक महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिटही कायद्याने बंधनकारक आहे, कलम २६५ अ. ऑडिटमध्ये इमारत कुठल्या गटात टाकलीय ते बघा. सी-१ म्हणजे राहण्यालायक नाही, रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२ ची इमारत सी-१ दाखवली जातेय असा संशय आला तर दुसऱ्या इंजिनिअरकडून ऑडिट करून घ्या, पैसे सगळ्या बिऱ्हाडांनी वाटून घ्या.

घर सोडण्याआधी प्रत्येक खोलीचं मोजमाप, तेही महापालिकेच्या माणसासमोर, आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत हातात. फोटो काढा, व्हिडिओ काढा, भाडेपावत्या, लाइटबिल, रेशनकार्ड, मतदारयादी सगळ्याच्या दोन प्रती, एक प्रत गावातल्या नातेवाइकाकडे. मालकाशी लेखी करार करा की नवीन इमारतीत जागा मिळणार. पण सी-१ असेल तर कराराची वाट बघत आत राहू नका. कृपा करून राहू नका.

हेरिटेजमुळे विकास अडतोय हे खरं का?

थोडंसं. महापालिकेच्या वारसा यादीत सुमारे अडीचशे वास्तू आहेत आणि त्यात देवळं, वाडे, सरकारी इमारती, सगळं धरून. पेठेतल्या बहुतेक राहत्या वाड्यांना वारशाचा काहीच नियम लागत नाही, ते एफएसआय, मालकी आणि भाड्याच्या गुंत्यात अडकलेत. उलट मला वाटतं खरा वारसा याच उशिरात जातोय, कारण पडलेल्या वाड्याचा कोरीव खांब भंगारवाला घेऊन जातो.

भिडेवाड्याचं उदाहरण घ्या. १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे सुरू झाली ती जागा. राष्ट्रीय स्मारक करायचं महापालिकेने २००६ मध्ये ठरवलं. मग भाडेकरू, मालक, मोबदला, कोर्ट. सुप्रीम कोर्टाचा निकाल नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि ४ डिसेंबरच्या रात्री वाडा पाडला. सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेची ही गत, तर तुमच्या-माझ्या वाड्याचं काय? आणि तिथले दुकानदारही चुकीचे नव्हते, पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता. पहिल्याच वर्षी त्यांच्यासमोर ठोस पर्यायी जागा ठेवली असती तर सतरा वर्षं गेली नसती असं माझं स्पष्ट मत आहे.

मेट्रो तर आली. त्याने काही बदललं?

हो, बदललं, आणि जे झालं ते झालं म्हणावं. २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मार्ग सुरू आहे, मधे कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्टेशनं. म्हणजे जे काम करायचं ठरवलं, ज्याला वेगळी कंपनी, वेगळा पैसा, तारीख दिली, ते दगडगोट्यांतून, जुन्या वाड्यांच्या खालून सुद्धा झालं. मग वरचे फूटपाथ का होत नाहीत? स्टेशनच्या बाहेर पडलं की दोन मिनिटांत तुम्ही गाड्यांच्या मधून वाट काढत असता, हातात पिशव्या आणि मूल असेल तर विचारू नका. मेट्रोने येणारा माणूस शेवटचे तीनशे मीटर नीट चालू शकला नाही तर तो पुढच्या वेळी गाडी काढणार.

लक्ष्मी रोड कायमचा चालण्यासाठी मोकळा का करत नाहीत?

११ डिसेंबरला पादचारी दिन असतो, २०२१ पासून. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा दिवसभर गाड्यांना बंद. लोक येतात, मुलं रस्त्यात खेळतात, ज्येष्ठ नागरिक बाकावर बसतात, आणि १२ तारखेला सगळं पूर्ववत. महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ चं, जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ त्याच सुमाराला रुंद झाले, ते लोकांना आवडलेही. पेठेत तसं करायला व्यापाऱ्यांचा विरोध असतो, गिऱ्हाईक गाडी लावणार कुठे म्हणून. त्यांची काळजी खोटी नाही, पण त्यावर उत्तर आहे, मंडईजवळचे मोठे वाहनतळ आहेत, तिथून ज्येष्ठांसाठी छोट्या बस सोडा, माल उतरवायला सकाळची वेळ ठरवून द्या, आणि वर्षातून एक दिवसाऐवजी सलग तीन महिने करून बघा, विक्रीचे आकडे व्यापाऱ्यांनीच द्यावेत. पे अँड पार्क धोरण २०१८ मध्ये पाच रस्त्यांपुरतं मंजूर झालं होतं, त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षं लांबत राहिली. पार्किंग फुकट राहिलं तर रस्ता मोकळा होणार नाही, हे पक्षांनी मतदारांना सांगायचं धाडस करायला हवं. फेरीवाल्यांना हाकलून हा प्रश्न सुटत नाही, २०१४ च्या कायद्याने त्यांनाही जागा ठरवून द्यायची आहे.

कॉर्पोरेशनमध्ये इतकी वर्षं नगरसेवकच नव्हते. त्याचा काही परिणाम झाला?

खूप झाला. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत प्रशासकच कारभार बघत होते. या काळात बजेट झालं, टेंडरं निघाली, पण आमच्या बोळातलं ड्रेनेज का तुंबतं ते सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. आता निवडून आलेली माणसं आहेत, तेव्हा प्रशासक होते हे कारण पुढे चालणार नाही. तुमच्या प्रभागातल्या चारही जणांना भेटा, एकालाच नाही, कारण एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आम्ही नक्की काय मागायचं आणि कुठे?

"पेठांचा विकास करा" असं निवेदन देऊ नका, त्याला "नोंद घेतली" एवढंच उत्तर येतं. एका बोळाचं, एका चौकाचं, एका वाड्याचं मागा. नागरिकांच्या सूचनांवरून बजेटमध्ये काम घालायची सोय पुण्यात २००६ पासून आहे, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याची जाहिरात येते, फूटपाथ, दिवे, बाक, सार्वजनिक स्वच्छतागृह असली कामं त्यात बसतात. अर्ज आळीतल्या दहा-पंधरा घरांनी वेगवेगळे टाका.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर तीस दिवसांत. "विकास का झाला नाही" असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही, तुम्ही कागद मागा. फाइल क्रमांक घालून त्या फाइलवरचे शेरे आणि ती कुठल्या टेबलावर किती दिवस होती त्याच्या नोंदीची प्रत मागा. माहिती अधिकारात रेकॉर्ड प्रत्यक्ष बघायलाही मागता येतं, त्याचा उपयोग करा, आधी फाइल बघा आणि मग हव्या त्या पानांच्या प्रती मागा, पैसेही वाचतात.

आराखड्यात बदल जाहीर झाला तर हरकत कशी लिहायची?

फेरबदलाची सूचना पेपरात आणि राजपत्रात येते, मुदत साधारण एक महिना असते, त्यामुळे पेपरातल्या त्या बारीक अक्षरातल्या जाहिराती वाचायची कुणातरी एकाला जबाबदारी द्या. हरकतीत सिटी सर्व्हे नंबर, पेठ, नकाशावरचा प्रस्ताव, त्याने तुमचं नेमकं काय होणार आणि त्याऐवजी काय करावं, एवढं एका पानात लिहा. छापील मजकुराच्या पाचशे प्रतींवर पाचशे सह्या केल्या तर सुनावणीत त्या एकत्रच ऐकल्या जाण्याची शक्यता जास्त, म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या घराचं दोन ओळी तरी हाताने लिहा. प्रत्यक्ष सुनावणी पाहिजे हे वाक्य घालायला विसरू नका. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, आणि सुनावणीला जाताना ती प्रत आणि घराचा आत्ताचा फोटो बरोबर असू द्या.